बाबा, बीदरला निघायच्या आधी

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मूळ गाव हुडकायला निघण्याआधी सोबतचं पुस्तक वाचून घ्या. जॅक केरुआकचं 'साटोरी इन पॅरिस', १९६६चं, दोन बैठकांत संपेल एवढं. ज्याच्या 'ऑन द रोड'नं अमेरिकेतल्या पोरांना घराबाहेर काढलं, तोच इथं घराण्याचं मूळ शोधत पॅरिसमार्गे फ्रान्सच्या ब्रिटनी भागात जातो. ग्रंथालयात जातो तर तोंडाला दारूचा वास. ब्रेस्टचं विमान चुकतं आणि बॅग तेवढी पुढं जाते. कादंबरी विस्कळीतच आहे, पण शोध कसा करू नये हे त्यातून नीट कळतं.

तुम्ही सुरुवात सातबाऱ्यापासून करा. त्यावरचे फेरफार क्रमांक (मालकी बदलल्याच्या नोंदींचे) टिपून एकेक फेरफार मागं काढत जा. वारसाच्या फेरफारात बापाचं आणि भावांचं नाव मिळतं. जमिनीचे तुकडे जोडून एकत्रीकरण झालं, त्यात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथं धागा तुटतो. म्हणून जुना सर्व्हे नंबर आधी काढून ठेवा. मग १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमीन कोणाची आणि कोण कसतं याची तेव्हाची नोंद, मागा. अर्जात गाव, तालुका आणि जुना नंबर हवा. नुसतं आडनाव सांगून काही निघत नाही, कारण निजामाच्या वेळच्या कागदांत बरेचदा आडनावच नसतं.

जिल्ह्याची गडबड होते ती इथं. उदगीरचंच बघा, आज ते लातूर जिल्ह्यात आहे. १९८२पर्यंत ते उस्मानाबादेत होतं आणि १९५६पर्यंत बीदरमध्ये. लातूरच्या अभिलेख कक्षात 'नोंद नाही' म्हटले तर हताश होऊ नका. धाराशिवला आणि बीदरलाही विचारावं लागेल.

कागदावर फसली सन (निजामाच्या महसुली दप्तरातलं वर्ष) असेल तर इसवी सनासाठी त्यात ५९० मिळवा. १३४० म्हणजे साधारण १९३०-३१. दप्तर उर्दूत, घरगुती कागद मोडीत, म्हणजे वाचणारे दोन लागतील. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळं एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी वाचलं जातं. एका वाचनावर भरवसा ठेवू नका. बापाचं नाव आणि शेजारच्या शेताचा धनी जुळतो का ते ताडून पाहा.

आई, कागदात बायका क्वचितच सापडतात. मोठ्या आत्यांकडून प्रत्येक सुनेचं माहेर, गाव आणि माहेरचं आडनाव लिहून घे. हे काम बाबांना जमायचं नाही, ते दोन नावांनंतर राजकारणावर येतात. कुळदैवतावरूनही गाव ठरवू नका. अंबाजोगाईची योगेश्वरी कितीतरी कोकणस्थांचीही कुळस्वामिनी आहे, म्हणून ते सगळे तिथलेच असं काही नाही.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या, ज्यांत ते यात्रेकरूंच्या कुळांची नावं लिहून ठेवतात, सर्वांत शेवटी बघा. ते आधी गाव आणि आडनाव विचारतात, तोवर दोन्ही पक्की हवीत. पणजोबांच्या भावांची नावं माहीत असली तर पान लवकर सापडतं. पानाचा फोटो काढायची परवानगी मागा. उठण्याआधी आपल्या नातवंडांची नावं त्याच वहीत लिहून घ्या, शाळेतलं पूर्ण नाव, लाडाचं नको.

तुमची,
धाकटी