रविवारी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाकाठची पायी फेरी : सभासदांसाठी आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी बरोबर साडेसहाला राजघाटावरच्या रंकाळा टॉवरपाशी जमायचं आहे. उशीर करू नका. ऊन चढलं की पाण्यावरचे पक्षी झाडीत शिरतात.

टॉवरपासून निघून काठाकाठानं संध्यामठाकडे जाऊ. पाणी उतरलं असेल तर मठाचे दगडी खांब बरेच उघडे दिसतात. खांबांवर वेगवेगळ्या वर्षांच्या पाण्याच्या फिकट रेघा एकावर एक उमटलेल्या आहेत, त्या जवळून बघा. लहानपणापासून इथं येतोय, पण त्या रेघांकडे नीट पाहिलं ते गेल्या उन्हाळ्यात. पुढे नंदीचं देऊळ. हा नंदी रोज गव्हाभर पुढं आणि तांदळाभर मागं सरकतो, असं आपले आजी-आजोबा सांगायचे. मुलांना ही गोष्ट तिथंच, नंदीसमोर उभं राहून ऐकवूया.

शेवटी शालिनी पॅलेसची झाडी. 1931 ते 1934 या काळात बांधलेला हा राजवाडा आपण बाहेरूनच पाहणार आहोत.

चालायला सोपे बूट, टोपी आणि घरून भरलेली पाण्याची बाटली आणा. प्लास्टिकचं काहीही काठावर टाकू नका, माशांना पाव-चुरमुरेही घालू नका; ते कुजून पाणी बिघडतं. ज्येष्ठांना दमायला झालं तर वाटेत बसायला कट्टे आहेत, त्यांच्यासाठी आपण थांबूच.

येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव आणि सोबत किती जण ते लिहा. फेरीनंतर मिसळ आहे, त्याचा अंदाज द्यावा लागतो.