आधी हार्डडिस्कची प्रत, मग फायलींचा शोध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एक्स्टर्नल हार्डडिस्क उघडेनाशी झाली की घरातला किंवा ऑफिसातला कुणी जाणता हमखास सांगतो, 'एखादे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघ.' चुकून डिलीट झालेल्या फायलींसाठी हा सल्ला ठीक आहे. पण डिस्क हातातून पडली असेल किंवा तिचे सेक्टर (डेटा साठवण्याचे छोटे कप्पे) खराब होत चालले असतील, तर याच सल्ल्याने उरलासुरला डेटा जातो. असे सॉफ्टवेअर तासन्‌तास पूर्ण डिस्क वाचत राहते, खराब जागी अडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणारे, आधीच अधू झालेले हेड त्यात कायमचे निकामी होते. पुण्यातल्या बऱ्याच दुकानांतही कामाची सुरुवात या स्कॅननेच होते, म्हणून चार गोष्टी लिहितो.

आधी कान लावून ऐकावे. डिस्क एकसारखी फिरल्याचा मंद आवाज येतो, पण कॉम्प्युटरवर ती दिसत नाही, तेव्हा पहिला संशय केबलवर घ्यावा. या डिस्कना बहुधा जी रुंद मायक्रो-बी केबल असते, ती तोंडाशी वाकून आतून तुटते. डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते असे होत असेल तर वीज अपुरी पडत असण्याची शक्यता मोठी. यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ ची ९००, आणि अडीच इंची डिस्कला फिरायला लागण्याच्या क्षणी याहून जास्त लागू शकते. मधला हब काढावा, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचे, थेट मदरबोर्डवरचे पोर्ट वापरावे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर असतो. पिन बसते म्हणून तिला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला, की डिस्कच्या सर्किट बोर्डवरचा टीव्हीएस डायोड (जादा व्होल्टेज स्वतःवर झेलणारा भाग) शॉर्ट होतो आणि डिस्क एकदम गप्प होते. त्यातल्या त्यात हा बरा बिघाड. डायोडने आपले काम चोख केले असेल तर तो काढल्यावर डिस्क बहुतेकदा फिरते. मात्र मग डेटा उतरवून घ्यावा आणि ती डिस्क निवृत्त करावी.

ठरावीक अंतराने 'टक टक' ऐकू आले तर हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत असे समजावे. बारीक 'पीं पीं' आली तर मोटर फिरायला बघते आहे, पण हेड तबकडीला चिकटले आहे किंवा बेअरिंग जाम झाले आहे. दोन्ही वेळा केबल तत्काळ उपसावी, 'सेफली रिमूव्ह'ची वाट पाहू नये. या डिस्कची तबकडी साधारणतः मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि हेड तिच्यावर हवेच्या थरावर अवघे काही नॅनोमीटर तरंगते. मोडके हेड प्रत्येक फेऱ्यात तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडते. खरवडला गेलेला थर जगातली कुठलीही प्रयोगशाळा परत आणत नाही. इथून पुढचे काम धूळविरहित कक्षात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधले जुळणारे हेड बसवून करावे लागते. डिस्क टेबलावर आपटून पाहणे, फ्रीजरमध्ये ठेवणे हे इंटरनेटवरचे तोडगे करू नयेत. फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कच्या आत दव धरते, आणि त्या ओल्या तबकडीवर हेड फिरवले की काय होते ते वेगळे सांगायला नको.

पाण्याचा विषय पुण्यात दर पावसाळ्यात निघतो. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घराघरांत जे पाणी शिरले ते गाळाचे होते. भिजलेली डिस्क उन्हात, हेअर ड्रायरखाली किंवा तांदळाच्या डब्यात ठेवू नये. बहुतेक डिस्कना हवेचा दाब सारखा राखण्यासाठी बारीक भोक असते. त्यातून पाणी आत गेले असेल तर ते वाळते आणि गाळ व क्षार तबकडीवर धरून बसतात. वीज न लावता, ओली आहे तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावी.

सर्वांत जास्त डिस्क मात्र याहून वेगळ्या प्रकारात मोडतात. डिस्क दिसते, पण फोल्डर उघडायला पाच मिनिटे लागतात, किंवा विंडोज 'फॉरमॅट करायची का?' असे विचारते. उत्तर 'कॅन्सल'. विंडोजमधला चेकडिस्क हा डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅमही चालवू नये. ते फाइल सिस्टीम सरळ करण्याच्या नादात त्याच डिस्कवर लिहिते आणि अर्धवट तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरात टाकून मोकळे होते. त्याऐवजी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहाव्यात. पहिली ओळ बदलून टाकलेल्या सेक्टरांची, उरलेल्या दोन वाचता न येणाऱ्यांची. त्यातले मूळ आकडे हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, म्हणजे तिथला १० हा आपला १६. सी५ शून्याच्या वर असेल तर थेट फायली कॉपी करण्याच्या फंदात न पडता पूर्ण डिस्कची सेक्टरगणिक प्रत काढावी.

यासाठी लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवरचा जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम उत्तम. लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, लिनक्स सुरू करावे, डिस्क आपोआप माउंट होणे (सिस्टीमने ती स्वतःहून उघडणे) बंद करावे आणि १ टीबीच्या डिस्कसाठी २ टीबीची नवी डिस्क घ्यावी. पहिली फेरी 'एन' पर्यायाने, म्हणजे सोपे भाग आधी निघतात आणि अवघड जागा सोडल्या जातात. हेड फार काळ टिकणार नाही हे गृहीत धरूनच हा क्रम ठेवलेला आहे. दुसरी फेरी 'आर ३' देऊन, म्हणजे राहिलेल्या जागांवर तीनदा. मॅपफाइल (कुठपर्यंत वाचून झाले याची नोंद) न विसरता द्यावी आणि ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. लाइव्ह लिनक्सच्या मेमरीत ठेवली आणि वीज गेली, की सगळे पहिल्यापासून. हुकूम देण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर मोठ्याने वाचून पडताळावेत, कारण स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क तुमच्या फोटोंवर लिहिली जाते. सुदृढ १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबीने पावणेतीन-तीन तासांत उतरते. आजारी डिस्कला काही दिवसही लागतात. मग मूळ डिस्क कपाटात ठेवावी आणि टेस्टडिस्क, डीएमडीई, आर-स्टुडिओ यांपैकी जे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायचे ते प्रतीवर चालवावे. फोटोरेक शेवटी वापरावे, ते फायली काढते पण त्यांची नावे आणि फोल्डर देत नाही.

घरगुती दुरुस्तीत फसगत होते ती बोर्ड बदलताना. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नाहीतर ऑनलाइन त्याच मॉडेलची डिस्क शोधून तिचा बोर्ड लावतात आणि डिस्क आधीपेक्षा जास्त बिथरते. प्रत्येक डिस्कच्या हेडची खास मापे बोर्डवरच्या रॉममध्ये लिहिलेली असतात, अनेक बोर्डांवर ती आठ पायांची छोटी चिप असते. ती जुन्यावरून नव्यावर न्यावीच लागते. शिवाय डब्ल्यूडी माय पासपोर्टच्या अनेक मॉडेलांत यूएसबी सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर असते आणि पासवर्ड ठेवला नसला तरी डेटा एन्क्रिप्ट होऊन लिहिला जातो. अशी डिस्क डबीतून काढून थेट साटाला (कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या जोडणीला) जोडू म्हटले तर जोडायला जागाच नसते.

आता मागणी. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी डेटा रिकव्हरीच्या पावतीचा एक नमुना तयार करून शहरातल्या दुकानांपुढे ठेवावा. त्यावर डिस्कचा सीरियल नंबर, आधी प्रत काढणार की नाही, डिस्क दुसऱ्या कुणाकडे पाठवणार का, आणि डेटा न मिळाल्यास शुल्क किती, हे लिहिलेले असावे. पैसे देण्यापूर्वी फायलींची यादी दाखवावी आणि ग्राहकाने त्यातल्या चार-पाच फायली उघडून पाहाव्यात, कारण नाव दिसते पण आत शून्ये भरलेली असतात असे वरचेवर घडते. ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय झाकण उघडू नये, हे कलम तर ठळक अक्षरांत हवे. एकदा साध्या टेबलावर उघडलेली डिस्क नंतर चांगल्या प्रयोगशाळेत नेली तरी धूळ आत गेलेलीच असते, आणि तिथे एकतर दर चढतो नाहीतर नकार मिळतो.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे ३०