टाऊन हॉल गॉथिक नाही हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मुंबईच्या हॉर्निमन सर्कलसमोरच्या, एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलचा झकास फोटो छापलात आणि खाली काय, तर 'गॉथिक वास्तुकलेचा देखणा नमुना'! मुंबईत इंग्रजांच्या काळातली दगडी बिल्डिंग दिसली की गॉथिक म्हणून मोकळं व्हायचं ही सगळ्यांचीच सवय आहे, त्यामुळे एकट्या तुमच्यावर राग नाही. पण गॉथिक म्हणजे राजाबाई टॉवर, सीएसएमटी, त्या टोकदार कमानी नि सुळके. टाऊन हॉल त्यांच्या कितीतरी आधीचा, १८३३ साली पूर्ण झालेला, आणि त्याचं घराणं थेट ग्रीकांचं. क्लासिकल म्हणतात त्याला. (आपल्याकडे क्लासिकल म्हटलं की लोकांना तंबोराच आठवतो, तो भाग वेगळा.)

माझं आयुष्य ड्रॉइंग बोर्डावर गेलं म्हणून सांगतो, ओळखायला फार अक्कल लागत नाही. त्या तीस पायऱ्यांच्या खाली उभं राहून वर बघा, समोर आठ खांब आणि त्यांच्या डोक्यावर पसरट त्रिकोण, त्याला पेडिमेंट म्हणतात. मग फक्त खांबाचं डोकं बघायचं. साधी गोल उशी आणि तिच्यावर चौकोनी पाट ठेवल्यासारखं दिसलं तर डोरिक, टाऊन हॉलचे खांब हेच. दोन्ही बाजूंना गुंडाळ्या असतील तर आयोनिक. आणि पानंच पानं असतील तर कोरिंथियन, जे हल्ली प्रत्येक मंगल कार्यालयाच्या गेटवर पीओपीत सोनेरी रंग मारून उभे असतात.

डोरिकची खरी गंमत खांबांच्या वर आहे. अथेन्सचं पार्थेनॉन नावाचं ग्रीक देऊळ, इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधलं, त्याचे फोटो मोठे करून बघा. खांबांवर आडवी दगडी तुळई आणि तिच्यावरच्या पट्ट्यात ठराविक अंतराने उभ्या खाचांचे ठोकळे दिसतील, ते ट्रायग्लिफ. त्यांच्या खाली बारीक बारीक दगडी थेंब लोंबतात. ही नुसती नक्षी नाही, व्हिट्रुवियस नावाचा रोमन वास्तुकार दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेलाय की देवळं आधी लाकडाची होती, हे ठोकळे म्हणजे तुळयांची टोकं. ते थेंब म्हणजे लाकडी खुंट्या असं समजतात. म्हणजे लाकूड गेलं, दगड आला, पण गवंड्याचा हात जुनंच काम करत राहिला. आता हे वाचून आपल्या लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात जा, तिथले खांब आत कललेत, लाकडी घराचे असायचे तसे, वास्तविक अख्खा डोंगर कोरल्यावर खांब कशाला कलायला हवेत? शेजारच्या कार्ले लेण्यात तर छताला खरोखरच्या लाकडी कमानी अजून आहेत. ग्रीकांचा आणि आपल्या लेण्यांचा इथे संबंध जोडायचा नाही मला, पण दोन्हीकडच्या कारागिरांना लाकूड सोडवेना एवढं मात्र दिसतं.

पार्थेनॉनचे खांबसुद्धा किंचित आत कललेत बरं का, आणि मधे थोडे फुगीर, त्याला एन्टासिस म्हणतात. खालचा चौथरासुद्धा सपाट नाही, लांब बाजूला मधे साधारण ११ सेंटीमीटर उचललेला आहे. आम्ही साइटवर लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाण्याच्या नळीने, एक एक मिलिमीटर जुळवायचो आणि हे लोक मुद्दाम वाकडं करून गेले! आजही बघणाऱ्याला ते सरळच वाटतं.

तर विनंती एवढीच की दुरुस्ती छापा, जमलं तर तीन खांबांच्या डोक्यांचं छोटं रेषाचित्रही द्या, मी काढून पाठवतो, पैसे नकोत. जरा घाई करा. नातीने शाळेच्या प्रोजेक्टात तुमचा फोटो कॅप्शनसकट चिकटवलाय, सबमिशन सोमवारी आहे, आणि मी काहीही सांगितलं तरी ती म्हणते, "आजोबा, पेपरात आलंय ना!"

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली