नुसतं हिमोग्लोबिन बघू नकोस गं

प्रिय सुमे,

काल रात्री तुझा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी ओटा पुसत होते. उघडून बघते तर हिमोग्लोबिन ९.४ ला लाल पेनाने गोल आणि बाजूला लिहिलेलं "मी संपले". संपतेस कसली! बायकांचं बाराच्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात, म्हणजे तुला तो आहे हे खरं, पण कशामुळे आहे ते त्या गोलात नाही, खालच्या बारीक अक्षरातल्या ओळींत आहे, ज्या आपण कोणीच वाचत नाही. मीही नऊ वर्षं वाचल्या नव्हत्या.

कॉलेजपासून माझं एचबी १०.८, कधी १०.५. दर वेळी तेच, "रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या". घेतल्या की. पोट बिघडायचं, शी काळी व्हायची, आईने लोखंडी कढईत भाज्या केल्या, बीट तर इतकं खाल्लंय की आता मंडईत दिसलं तरी मान फिरवते. आकडा जागचा हलेना. मग पोटात चिनू असताना तिसऱ्या महिन्यात इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी जुने सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले आणि पेन्सिलने दोनच आकडे जोडले, एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ६२ आणि आरबीसी, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, ५.६. म्हणाल्या, लोह कमी असलं की शरीर पेशी बारीक बनवतं आणि कमीही बनवतं, तुमच्या बारीक आहेत पण भरपूर आहेत. बासष्टला ५.६ ने भागलं, अकरा आलं. तेराच्या खाली आलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या जन्मजात दोषाच्या सौम्य प्रकाराची, शंका घ्यायची. हा नुसता अंदाज बरं का, पुरावा नाही, म्हणून फेरिटिन, म्हणजे साठलेल्या लोहाची टेस्ट, केली, तर लोह व्यवस्थित! मग एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी टेस्ट, त्यात एचबी ए-टू नावाचं हिमोग्लोबिन ५.३ टक्के, एरवी ते साडेतीनच्या आत असतं. म्हणजे मी जन्मापासूनच अशी, आणि नऊ वर्षं गोळ्या गिळल्या त्या फुकट.

मला काही त्रास नाही, पण लगेच ह्यांची टेस्ट. दोघंही मायनर निघालो असतो तर प्रत्येक बाळंतपणात मेजरचं, म्हणजे गंभीर प्रकाराचं, बाळ व्हायची शक्यता चारात एक. रिपोर्टला चार दिवस लागले. रोज रात्री टीव्ही लावून बसायचो, बघत कोणीच नव्हतं. ह्यांचा नॉर्मल आला, तेव्हा हे काही न बोलता खाली गेले आणि अर्धा किलो जिलबी घेऊन आले.

आता तुझं. एमसीव्ही ७४, आरबीसी ३.९, भागलं तर एकोणीस. आरडीडब्ल्यूही वाढलेलं, म्हणजे पेशी लहानमोठ्या झाल्यात. मला तरी हे साधं लोह कमी असल्यासारखंच वाटतं, आणि पाळीचे सहा-सात दिवस तू जे काढतेस ते मला माहितीये. पण मी डॉक्टर नाही. म्हणून गोळी सुरू करायच्या आधी फेरिटिन करून घे, आणि ताप-सर्दी असताना करू नकोस, कारण तेव्हा ते उगाच वाढलेलं दिसतं. बी-ट्वेल्व्हपण बघ, तुम्ही घरात पक्के शाकाहारी. ते कमी असलं की पेशी उलट मोठ्या होतात, आणि दोन्ही एकदम कमी असलं तर एमसीव्ही मधेच कुठेतरी नॉर्मल दिसून फसवतं. म्हणून लॅबवाल्यांना पेरिफेरल स्मिअर पण सांग, काचेवर रक्ताचा थेंब पसरून माणूस स्वतः डोळ्यांनी बघतो, मशीनपेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास.

आणि एचपीएलसीची घाई नको. लोह कमी असताना ए-टू पण थोडं खाली येतं, मायनर असूनही सुटू शकतं. आधी लोह भरून काढ, मग गरज वाटली तर बघू. आमच्याकडे नागपूरला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे ही टेस्ट पुष्कळांना माहिती असते, आधी सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली की पुढची. तुमच्या पुण्यात नाव काढलं तर कदाचित दोनदा सांगावं लागेल.

सुईला घाबरतेस ना अजून? जांभळ्या झाकणाची बारकी ट्यूब असते, तो मुलगा रक्त घेऊन ती हळूच उलटीपालटी करतो, गुठळी होऊ नये म्हणून, त्याच्याकडेच बघत राहा, होऊन जातं. आणि जेवल्या जेवल्या चहा बंद, लोह अंगी लागू देत नाही तो. हे वाचून शिव्या घालशील, घाल. फेरिटिन आलं की फोटो टाक, या वेळी गोल न करता.

तुझीच,
मंजू