प्लेटलेट झाल्या, साखर कुणी पाहिली?

महोदय,

पाऊस जरा उघडला की कळवा-वागळेपासून तुर्भे-घणसोलीपर्यंत दवाखान्यांत तापाच्या मुलांची रांग लागते आणि पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘प्लेटलेट किती?’ डेंग्यूने लावलेली ही सवय मलेरियात वाट चुकवते. मलेरियातही प्लेटलेट घसरतात, पण रक्तस्राव नसेल तर औषध लागू पडताच बहुधा आपोआप चढतात. मुलाच्या जिवावर बेतते ते वेगळ्याच गोष्टींनी.

रक्तातली साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली, हिमोग्लोबिन ५ किंवा त्याहून कमी, दिवसात दोनपेक्षा जास्त झटके (आकडी), हलवूनही न उतरणारी ग्लानी, यांतले एक जरी मलेरियासोबत दिसले तरी तो गंभीर समजावा. छाती साफ असूनही मूल खोल धापा टाकत असेल, तर रक्तात आम्ल साठलेले असू शकते. साध्या तापाच्या झटक्यानंतर मूल थोड्या वेळात आईला ओळखते. तासाभरानेही ओळखत नसेल तर मेंदूचा मलेरिया धरून चालावे (हा तास रुग्णालयात मोजायचा, घरी नव्हे). साखर उतरली तरी मूल असेच निपचित पडते, म्हणून ग्लुकोमीटरची पट्टी सर्वांत आधी. आणि ‘व्हायवॅक्सच (मलेरियाचा सौम्य समजला जाणारा प्रकार) आहे ना’ म्हणून निर्धास्त राहू नये, तोही गंभीर होतो.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केली म्हणजे मलेरिया तपासला असे नाही. स्लाइड (काचेवरच्या रक्तथेंबात जंतू शोधणे) वेगळी सांगावी लागते. निगेटिव्ह आली आणि ताप कायम असेल, तर १२ ते २४ तासांनी पुन्हा.

गंभीर मलेरियात आर्टेसुनेट हे औषध शिरेतून देतात. पहिल्या डोसनंतर १२ आणि २४ तासांनी, मग रोज एकदा. २० किलोखालच्या मुलाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, त्यावरील वजनाला २.४. लहान म्हणून कमी, हा हिशेब इथे उलटा आहे. तोंडाने घेता येऊ लागले की गोळ्यांचा पूर्ण कोर्स हवाच, नाहीतर ताप उलटतो. आफ्रिकेतील मुलांवरच्या २०१० च्या मोठ्या चाचणीत क्विनाइन या जुन्या औषधावर १०.९ टक्के, तर आर्टेसुनेटवर ८.५ टक्के मुले दगावली.

घरी गेल्यावरचे मात्र कुणी सांगत नाही. आर्टेसुनेटनंतर एक ते चार आठवड्यांत तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन पुन्हा कोसळू शकते. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर त्याच दिवशी दाखवावे. मेंदूच्या मलेरियातून वाचलेल्या काही मुलांना आकडी, लुळेपणा किंवा अभ्यासातली अडचण उरते आणि शाळेत ती ‘आळशी’ ठरतात. ठाणे व नवी मुंबई महापालिकांनी आपल्या डिस्चार्ज कार्डावर ७, १४ आणि २८ व्या दिवशीच्या हिमोग्लोबिनचा रकाना छापावा.

– एक बालरोगतज्ज्ञ, ऐरोली