'लेबनीज' ताटापुरतेच ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर 'लेबनीज सैनिक' होते, आतल्या पानावर 'लेबनॉनी पंतप्रधान' आणि रविवारच्या पुरवणीत 'लेबनानी कवी' खलील जिब्रान. देश एक, बारशी तीन! यातले 'लेबनीज सैनिक' वाचले की माझ्या डोळ्यांपुढे बंदूक येत नाही, हमूसची, म्हणजे वाटलेल्या काबुली चण्यांच्या चटणीची, वाटी येते.

दोष आपल्या सवयीचा आहे. चीनचा माल 'चिनी', सैन्य 'चिनी', पण कोपऱ्यावरच्या गाडीवर मिळते ते 'चायनीज'. इंग्रजी शेपूट लागले की शब्द थेट ताटात पडतो. गलवानमध्ये 'चायनीज सैनिक' घुसले, असे आपण कधी छापले नाही. मग लेबनॉनच्याच माणसाला हे शेपूट कशाला? इराणी, जपानी, नेपाळी, तसा सरळ 'लेबनॉनी' म्हणावा.

दुबईत मी अकरा वर्षे हिशेबनीस होतो. शेजारच्या टेबलावरचे बैरूतचे गृहस्थ स्वतःला 'लुब्नानी' म्हणवत. अरबीत देश 'लुब्नान', म्हणजे शेवटची ई त्यांचीही आहेच. एकदा त्यांनी डब्यात लबने आणले. मी म्हटले, हा तर चक्का! मी साखर शोधतोय तोवर त्यांनी त्यावर मीठ भुरभुरून ऑलिव्हचे तेल ओतलेसुद्धा. लबने आणि लुब्नान हे दोन्ही शब्द पांढरेपणा सांगणाऱ्या एकाच धातूचे. बर्फाने पांढऱ्या दिसणाऱ्या डोंगरावरून देशाचे नाव पडले, असे सांगतात. हमूस, फलाफल तर सीरिया-पॅलेस्टाइनमध्येही तितकेच घरचे. पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

शब्द ठरला तरी तो कोणाला लावायचा, हेही पाहावे. लेबनॉनी म्हणजे मुसलमान, असे समजणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तिथे अधिकृत पंथच १८ आहेत आणि संकेताप्रमाणे अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, तर संसदेचे सभापती शिया असतात. शिवाय देशात लाखो सीरियन आणि पॅलेस्टिनी निर्वासित राहतात, त्यामुळे हल्ल्यातला प्रत्येक मृत 'लेबनॉनी' असेलच असे नाही. आई लेबनॉनी आणि बाप परदेशी असेल, तर तिथेच जन्मून वाढलेल्या मुलालाही नागरिकत्व मिळत नाही. १९२५ सालचा फ्रेंच अमलातला नियम अजून चालू आहे. स्वतः जिब्रान १८८३ मध्ये बशर्री गावी जन्मला तेव्हा तो मुलूख तुर्की साम्राज्यात होता. अमेरिकेत त्या काळी अशा लोकांना 'सीरियन' म्हणत. स्वतंत्र लेबनॉन उगवला १९४३ मध्ये, कवी जाऊन बारा वर्षे झाल्यावर. तरीही त्याला लेबनॉनी म्हणायला माझी हरकत नाही, गाव तिथलेच आहे.

पुरवणीत पाककृती आली तर 'लेबनीज' खुशाल छापा. फक्त लबनेपुढे कंसात 'चक्का' लिहा, म्हणजे आमच्या घरी साहित्याची शोधाशोध होणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली