वजनाच्या तक्त्यात जुळ्यांचा रकानाच नाही

संपादक महोदय,
स. न.

तुमच्या पुरवणीत मागे गरोदरपणातल्या वजनवाढीवर लेख आला होता, सोबत रंगीत तक्ता पण होता, कितव्या आठवड्याला किती किलो वाढायला हवं त्याचा. लेख चांगलाच होता, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तो सगळा हिशेब पोटात एकच बाळ असेल तर, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि माझ्या धाकट्या बहिणीने नेमका तो तक्ता कापून फ्रिजवर लावला. तिच्या पोटात जुळं आहे. बाविसावा आठवडा आणि वजन 9 किलो वाढलेलं, तक्त्याप्रमाणे पाच-सहाच्या आसपास हवं होतं. झालं, मॅडमनी संध्याकाळचं खाणं बंद, दुधाचा ग्लास अर्धा, रात्री नुसतं सूप. मला फोनवर म्हणते ताई मी फुगत चाललेय गं. पुढच्या तपासणीला मी सोबत गेले तेव्हा डॉक्टरांनी वजनाची नोंद बघितली आणि विचारलं, उलट छान चाललं होतं, खाणं कमी करायला सांगितलं कोणी?

म्हणून हे पत्र. तिच्यासारख्या अजून किती जणी असतील ज्या एका बाळाच्या आकड्याशी स्वतःला मोजत बसल्यात.

आता आकडे सांगते. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 साली जे आकडे दिले तेच अजूनही बरेच डॉक्टर वापरतात. गरोदर होण्याआधी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 18.5 ते 24.9 असेल तर एका बाळाला 11.5 ते 16 किलो वाढ, आणि जुळ्यांना साधारण 17 ते 24.5 किलो. बीएमआय 25 ते 29.9 असेल तर जुळ्यांना 14 ते 22.5 च्या आसपास आणि 30 च्या वर असेल तर 11 ते 19. हे आकडे दिवस नीट भरून, म्हणजे 37 आठवडे पूर्ण होऊन बाळंतपण झालं तर, हे पण लक्षात ठेवायला हवं. जी मुळातच बारीक आहे, बीएमआय 18.5 च्या खाली, तिच्यासाठी मात्र त्यांनी आकडाच दिलेला नाही कारण पुरेशी माहितीच जमली नव्हती, तिचं तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि बीएमआय आधीच्या वजनावर काढायचा हं, आत्ताच्या नाही! आमच्या बहिणाबाईंनी आत्ताच्या वजनावर काढून घाबरायचं अजून एक कारण शोधलं होतं.

पण मला विचाराल तर शेवटचा आकडा एवढा महत्त्वाचा नाहीये, वजन कधी वाढतं ते जास्त महत्त्वाचं आहे आणि हेच कोणी नीट सांगत नाही. एका बाळाच्या वेळी शेवटच्या तीन महिन्यांत भर निघाली तरी चालून जातं कारण हातात चाळीस आठवडे असतात. जुळ्यांना तेवढा वेळच मिळत नाही. निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आत येतात, आणि सगळं सुरळीत असलं तरी दोघांची वार (प्लासेंटा, ज्यातून बाळाला आईकडून पोषण मिळतं) वेगवेगळी असेल तर साधारण 37 व्या आठवड्यात आणि एकच वार असेल तर 36 व्या आठवड्यात बाळंतपण करायचा सल्ला देतात. म्हणजे सगळा कारभार महिनाभर आधीच आटपायचा. त्यात अठ्ठावीस-तीस आठवड्यांनंतर पोटात जागाच उरत नाही, चार घास खाल्ले की गच्च होतं, छातीत जळजळ, रात्री आडवं झालं की घशाशी येतं. त्या वेळी कोणी कितीही आग्रह केला तरी जेवण जाणार कुठे? म्हणून जे काय कमवायचं ते चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत. विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत आईचं वजन कसं वाढलं त्याचा बाळांच्या वजनाशी संबंध दिसतो, आणि डॉक्टर चोविसाव्या आठवड्यापर्यंत 11 किलोच्या आसपास असं जे सांगतात ते त्यासाठीच. जुळी बाळं बहुतेक वेळा अडीच किलोच्या आतबाहेर असतात, तिथे दोनशे-तीनशे ग्रॅमनी पण फरक पडतो, बाळ आईजवळ राहणार की काचेच्या पेटीत हा प्रश्न असतो.

आता दुसरी बाजू. जुळं आहे कळलं की घरातले सगळे एकच सांगतात, आता तुला तिघांचं खायचंय. अहो नाही. साधारण 600 कॅलरी जास्त लागतात दिवसाला, गरोदर नसताना जे खात होतो त्याच्यावर. ऐकायला खूप वाटतं पण प्रत्यक्षात काय, दोन अंडी, एक ग्लास दूध, एक केळं आणि मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, झाले जवळपास. यात 25 ग्रॅमच्या वर प्रोटीन पण येतं. तेवढ्याच कॅलरी कोल्ड्रिंकची बाटली आणि वेफर्सच्या पुड्यातून पण येतात पण त्यातून बाळांना मिळणार काय? काटा दोन्हीला सारखाच पुढे सरकतो हीच तर गंमत आहे. अंडी न खाणाऱ्यांनी डाळी, कडधान्यं, पनीर, दही, सोयाबीन वाढवावं, एकाच वेळी नाही, दिवसभरात थोडं थोडं. बहिणीने आता दोन-अडीच तासांनी खायचं ठरवलंय, पलंगाशेजारी एक डबा असतो, रात्री जाग आली की चार दाणे तोंडात टाकते. तीन भरपेट जेवणं तिला तशीही जात नाहीयेत.

रक्ताचं तर वेगळंच प्रकरण. जुळ्यांत शरीरातलं रक्ताचं प्रमाण एका बाळापेक्षाही जास्त वाढतं, त्यात दोन बाळं लोह ओढतात, मग हिमोग्लोबिन खाली येतं. जुळ्यांमध्ये विसाव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या मधे एकदा जास्तीची रक्ततपासणी करतात ती याच्यासाठी, ती चुकवू नका. आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेणाऱ्या बायका मी डोळ्यांनी बघितल्यात! चहा-कॉफीने लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी नको, दोन्हीत काही तासांचं अंतर ठेवा. लिंबू, संत्रं, पेरू असं काहीतरी आंबट किंवा क जीवनसत्त्वाचं सोबत असलं तर जास्त शोषलं जातं. गोळीने पोट साफ होत नाही ही तक्रार खरी आहे पण म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, पाणी आणि भाज्या-फळं वाढवा, तरी नाही जमलं तर डॉक्टर गोळी बदलून देतात. फॉलिक अ‍ॅसिड, ड जीवनसत्त्व किती ते त्यांनाच विचारा. जुळं आहे म्हणून मनानेच गोळ्या डबल करू नयेत, अ जीवनसत्त्व तर जास्त झालं की बाळाला घातक ठरू शकतं.

सुरुवातीच्या महिन्यांत मळमळ, उलट्या जुळ्यांत जास्त होतात कारण हार्मोन्सच जास्त असतात. तेव्हा वजन वाढलं नाही, किलोभर उतरलं तरी लगेच जीव टांगणीला लावू नका, जे पोटात राहील ते खा. पण पाणी पण टिकत नाहीये, लघवी कमी झालीये, किंवा वजन आधीच्या 5 टक्क्यांहून जास्त उतरलं तर थांबायचं नाही, दवाखाना.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात छापा प्लीज. काटा वाढतोय म्हणजे बाळं वाढतायत असं नसतं. आठवड्यात अचानक एक-दोन किलो वाढले, तोंड-हात सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यापुढे चमकतंय, तर ते खाण्याने वाढलेलं वजन नाही, बीपीचं लक्षण असू शकतं आणि जुळ्यांत हा त्रास जास्त होतो. तसंच दोघांत एकच वार असेल आणि पोट दोन-चार दिवसांत एकदम ताणल्यासारखं मोठं झालं तर एका बाळाभोवती पाणी वाढलेलं असू शकतं, एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं तेव्हा असं होतं. लगेच सोनोग्राफी. एक वार असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी सांगतात ती उगाच नाही. बाळं कशी वाढतायत ते सोनोग्राफीतच कळतं, काटा फक्त आईचं सांगतो.

अजून एक, आराम म्हणजे पलंगावरून उठायचंच नाही असा जो सल्ला सगळीकडून मिळतो त्याने जुळी लवकर यायची थांबतात असं काही दिसलेलं नाहीये. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडं चालावं, भूक पण लागते.

नंतर हे वजन उतरणार कसं, हे बहिणीने मला इतक्यांदा विचारलंय की विचारू नका. दोन बाळं, वार, पाणी, जास्तीचं रक्त हे बरंचसं तर पहिल्या काही आठवड्यांतच जातं आणि जी चरबी उरते ती दोघांना दूध पाजताना कामी येते, तेव्हाही भूक सडकून लागते. ते पुढचं पुढे बघू.

तर विनंती एवढीच की तो तक्ता परत छापाल तेव्हा वर मोठ्या अक्षरात 'एका बाळासाठी' असं लिहा आणि शेजारी जुळ्यांचा रकाना द्या, बीएमआयप्रमाणे तीन ओळी पुरतात. आणि ज्यांना जुळ्यांसोबत शुगर पण निघालीये त्यांनी हे जास्तीचं खाणं कसं बसवायचं यावर एखाद्या आहारतज्ज्ञांकडून वेगळा लेख लिहून घ्या, कारण त्यांना मी वर लिहिलेलं सगळं जसंच्या तसं लागू पडणार नाही.

आपली,
एक नेहमीची वाचक